थोरल्या पातीचा स्टॅक

नीलकंठ दफ्तरदारांना कुणी "तुम्ही देवासचे का?" असं विचारलं की ते सावकाश चष्मा काढायचे, पुसायचे आणि सांगायचे, "देवास सीनियर." संस्थानं विलीन होऊन चाळीस वर्षं उलटली होती. दरबार गेला, तनखा गेला, जुन्या कचेरीत सरकारी बाबू कचोरी खात बसू लागले. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ कुणाला बघायचा असेल तर त्यानं नीलकंठरावांना बघावं.

बाहेरगावच्या माणसाला ही भानगड कळायची नाही, म्हणून थोडं सांगावं लागतं. एकाच देवासात दोन राजे होते. मूळ दोघं भाऊ, त्यांच्या दोन गाद्या: थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यामुळं दोन दरबार, दोन कचेऱ्या, दोन खजिने. रस्त्याची अलीकडची बाजू यांची, पलीकडची त्यांची. नीलकंठरावांचे आजोबा थोरल्या पातीचे दफ्तरदार. आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, धाकट्या पातीचे फडणीस राहायचे. देवाला तरी गंमत सुचावी किती! दफ्तरदारांची पत्रिका जुळली ती नेमकी समोरच्या विनोदिनी फडणीसशी. वरात दोन मिनिटांत संपेल, शोभा काय राहील, म्हणून टेकडीला वळसा घालून आणली होती.

विनोदिनीबाईंचं मात्र सोनं झालं. माहेर समोरच! कढईत तेल तापत ठेवून त्या रस्ता ओलांडायच्या, आईकडून, म्हणजे अक्काकडून, कढीपत्ता घेऊन परत यायच्या आणि मग मोहरी टाकायच्या. त्या कन्याशाळेत हिंदीतून गणित शिकवायच्या, सासरी थोरल्या पातीचं मराठी ऐकायच्या, आणि दिवसातून एकदा अक्काच्या पायरीवर बसून मनसोक्त बोलायच्या. वडील गेल्यावर अक्का आणि धाकटा भाऊ अरविंद एवढीच माणसं त्या घरात उरली होती.

नीलकंठराव नोकरी करायचे भैयासाहेबांकडे. भैयासाहेब बागलीकडचे जमीनदार. जमिनीत मन रमेना म्हणून त्यांनी सन सत्तरच्या सुमाराला देवासच्या औद्योगिक वसाहतीत विजेची पॅनेल बनवायचा कारखाना काढला. रिले, कॉन्टॅक्टर, वायरी यांत नीलकंठरावांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे खरंच. त्यांचं पॅनेल उघडलं की वायरी अशा शिस्तीत, जणू मुजऱ्याला उभ्या आहेत. मग माळव्यात सोयाबीन आलं, तेलाचे कारखाने उगवले, आणि पेंडीची पोती भरून तोलणारं यंत्र सगळ्यांना हवंसं झालं. भैयासाहेबांना वाटलं, आपण का नाही करायचं?

"अरे यार नीलकंठराव," ते म्हणाले, "दुनिया कुठं चालली आहे, अन् आपण रिले खडखडवत बसलोय! आता हे सगळं एका चिपमध्ये. कॉम्प्युटर मागवलाय. त्याची सी भाषा शिका."

नीलकंठराव चव्वेचाळिसाव्या वर्षी सी शिकले. लोक हसले, पण ते शिकले. मात्र एवढ्यावर भैयासाहेबांचं समाधान झालं नाही. त्यांनी इंदूरहून इलेक्ट्रॉनिक्स करून आलेला एक तरुण मदतीला घेतला. तो कोण? तर अरविंद फडणीस! धाकटी पाती! रस्ता ओलांडून थेट टेबलापर्यंत आली.

चिप होती ८०५१. करंगळीएवढी लांब, आणि तिच्या पोटात तात्पुरतं काही लिहून ठेवायला जागा फक्त एकशे अठ्ठावीस बाइट. एवढ्यात काय होतं? एका माणसाचं काम नीट भागतं. पण हे दोघं होते, त्यांतला एक दफ्तरदार होता.

"आधी हद्द ठरवू," नीलकंठराव म्हणाले.

"हद्द कशाला, भाऊजी?" अरविंद म्हणाला. "कंपायलर आपोआप ठेवतो की सगळं जागच्या जागी."

"कंपायलर म्हणजे परका दुभाष्या. त्याला इथलं काय कळतं?"

झालं. खालचा अर्धा भाग नीलकंठरावांचा: बटणं, डिस्प्ले, हुकूम. वरचा अर्धा अरविंदचा: वजन मोजणं, पोतं भरणारं गेट उघडणं-मिटणं. कुठला आकडा कुठल्या बाइटात ठेवायचा ते प्रत्येकानं आपापलं हातानं लिहून टाकायचं, दुसऱ्याच्या भागात पाऊल टाकायचं नाही. राहता राहिला स्टॅक. प्रोग्राम एक काम अर्धवट सोडून दुसऱ्या कामाला जातो तेव्हा 'परत कुठं यायचं' ते जिथं टाकून जातो, ती जागा म्हणजे स्टॅक. ताटांची चळत असते तसं, एकावर एक रचायचं आणि वरचं आधी उचलायचं. ही जागा दोघांनाही लागते. मग ती द्यायची कुणी? नीलकंठरावांचं म्हणणं, धाकट्यानं. अरविंदचं म्हणणं, कुणीही द्या पण भरपूर द्या. शेवटी भैयासाहेबांनी न्याय केला: दोघांनी आठ-आठ बाइट सोडावेत. अशी मधोमध सोळा बाइटची सामाईक पट्टी पडली. देवासचा रस्ताच काय तो चिपमध्ये उतरवायचा राहिला होता, तोही उतरला.

आता नीलकंठरावांचा प्रोग्राम बघा. त्यांच्या आजोबांच्या दफ्तरात म्हणे कुठलाही कागद खालच्या कारकुनाकडून वरपर्यंत जाऊन परत आल्याशिवाय शाई लागत नसे. तीच घरंदाज रीत नातवानं सी भाषेत आणली. बटण दाबलं की एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, उठायचं आणि दुसऱ्याला विचारायचं, बटण खरंच दाबलंय का? ते तिसऱ्याला विचारायचं, आत्ता दाबायची परवानगी आहे का? तिसरं चौथ्याला, चौथं पाचव्याला, आणि पार शेवटी सातवं फंक्शन उठून एक दिवा लावायचं. मधलं एकही स्वतः काम करत नसे! सगळी एकमेकांच्या उत्तराची वाट बघत ताटकळत बसलेली. आणि ताटकळणाऱ्या प्रत्येकाचे दोन-दोन बाइट स्टॅकवर चढायचे. सातांचे चौदा. पट्टी सोळाची. उरले दोन.

तेवढ्यात अरविंदचा इंटरप्ट यायचा. म्हणजे असं, वजन मोजायची वेळ झाली की चिप हातातलं सगळं टाकून आधी वजन मोजायला धावते, आणि जाताना आपली दोन बाइटांत न मावणारी चीजवस्तू स्टॅकवर ठेवून जाते. त्यात काही चूक नाही, यंत्राला तसंच वागावं लागतं. पण नीलकंठराव खाजगीत म्हणत, "न विचारता घुसतो. मेहुण्यासारखा."

आणि मग विपरीत घडायला लागलं. दिवसभर पोती नीट भरली जात, आणि मधेच कधीतरी, कुणी बटण दाबलं असताना, पन्नास किलोच्या जागी डिस्प्लेवर बारा हजार किलो यायचं. गेट मिटायचं नावच घेत नसे. अरविंद वेडा व्हायची पाळी आली. पोत्याचं ठरलेलं वजन त्यानं आपल्या भागाच्या अगदी सुरुवातीला ठेवलं होतं, पट्टीला लागून. तिथंच दरवेळी घाण व्हायची.

"तुझ्या हद्दीत चोरी, तर कोतवाल तुझा," नीलकंठराव म्हणायचे आणि पान लावायचे.

पीथमपुरात, धार जिल्ह्यात, तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. तिथल्या एका सोयाबीनच्या शेठनं यंत्र बघायचं कबूल केलं. भैयासाहेबांनी दोघांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "बघा भिया, यंत्र चाललं तर दोघंही राहा. नाही चाललं तर मला दोन-दोन पंडित पोसायचे नाहीत. ज्याच्या भागात गडबड, त्याला नारळ." दोघांनी मान हलवली. अरविंदची मान जरा उशिरा हलली, कारण गडबड कुणाच्या भागात दिसते ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो रस्ता ओलांडून बहिणीकडं आला. नीलकंठराव ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. अरविंद खाली सतरंजीवर बसला.

"भाऊजी, मला वाटतं स्टॅक कमी पडतोय. तो खालून वर वाढतो ना? भरून वाहिला की सांडणार माझ्याच अंगणात."

"म्हणजे सांडवतोय मी, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही हो. आठ-दहा बाइट जास्त मिळाले तर बघू तरी. माझ्याकडं खरंच जागा नाही, वजनाची सरासरी काढायला सगळी लागते. तुमच्याकडं ते नाव आहे..."

नाव होतं खरं. यंत्र चालू केलं की डिस्प्लेवर इंग्रजी अक्षरांत सरकत यायचं: दफ्तरदार, देवास सीनियर. ही अक्षरं नीलकंठरावांनी आपल्या भागात, त्या मोलाच्या बाइटांत मांडून ठेवली होती. सुरुवातीला एकदा दिसायची आणि मग दिवसभर जागा अडवून लोळत पडायची, जहागीरदारासारखी.

"नाव काढू?" नीलकंठरावांचा झोपाळा थांबला.

"काढू नका हो! रॉममध्ये ठेवा. प्रोग्राममध्ये नावाच्या ओळीत एक शब्द वाढवला की झालं. तिथं ते कायमचं राहील, वीज गेली तरी. दिसेल अगदी तसंच. फक्त इथली जागा मोकळी होईल."

सल्ला लाखमोलाचा आणि फुकटचा. एक शब्द! पण तो आला होता सतरंजीवरून, धाकट्या पातीकडून. नीलकंठरावांना तो ऐकूच आला नाही. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की समोरच्यांना आमच्या हद्दीतली जागा हवी आहे.

"आमच्या बाजूनं स्टॅक ठीक आहे," ते म्हणाले. विनोदिनीबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. अरविंदनं बहिणीकडं बघितलं, कप उचलला, चहा संपवला आणि घरी गेला.

आता तुम्ही म्हणाल, बिचाऱ्या नीलकंठरावांना कळलंच नसेल. अहो, कळलं! तीच तर गोष्ट आहे. अरविंदचं बोलणं त्यांना टोचत राहिलं, आणि पीथमपूरला जायच्या आदल्या दुपारी, अरविंद जेवायला गेलेला असताना, त्यांनी तपासून बघितलं. युक्ती साधी असते. उंदीर कुठवर फिरतो ते बघायला बायका फडताळात पीठ पसरून ठेवतात, सकाळी पावलं दिसतात. तसा त्यांनी प्रोग्राम सुरू होण्याआधी साऱ्या पट्टीत आणि पुढंही एकच आकडा भरून ठेवला, यंत्र चालवलं, बटणं दाबली, दाबत राहिले, आणि मग आत बघितलं. पट्टीतलं पीठ साफ उडालं होतं. पावलं तिथं थांबली नव्हती, ती हद्द ओलांडून अरविंदच्या पोत्याच्या वजनावरून थेट पुढं गेली होती. आणि ती रांग कुणाची होती, तर त्यांच्याच सात ताटकळणाऱ्या कारकुनांची.

नीलकंठरावांनी ते आकडे पुन्हा एकदा मोजले. सांगावं का? सांगितलं की प्रश्न येणार, फंक्शनं इतकी खोल का? प्रश्न येणार, नाव कशाला? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, पोरगं बरोबर होतं ना? नाव रॉममध्ये टाकलं की काम होत होतं, एका शब्दाचं काम. पण मग अरविंदनं सांगितलं ते ऐकल्यासारखं होणार. छे! त्यांनी ठरवलं, पीथमपूरचं होऊन जाऊ दे. रोज थोडीच बिघडतं? उद्या बिघडलं नाही तर परत आल्यावर सावकाश, आपल्या आपण सुचल्यासारखं करू. त्यांनी पीठ पुसून टाकलं, म्हणजे तो आकडे भरणारा तुकडा काढून टाकला, आणि अरविंद जेवून आला तेव्हा ते पान लावत होते.

पीथमपूरला शेठ आले, त्यांचे मॅनेजर आले, भैयासाहेब पांढराशुभ्र सफारी घालून आले. यंत्र चालू झालं. डिस्प्लेवरून दफ्तरदार, देवास सीनियर असं ऐटीत सरकलं. भैयासाहेबांनी ते वाचून दाखवलं. शेठनं विचारलं, "ये मशीन का नाम है?" पहिली काही पोती अशी भरली की शेठ मान डोलवायला लागले. मग त्यांना हौस आली. "हम दबा के देखें?" असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, कौतुकानं दाबतच राहिले.

डिस्प्लेवर बारा हजार किलो आलं.

पोतं भरलं, फुगलं, आणि वरून पेंड वाहायला लागली. गेट काही मिटेना. यंत्राच्या मते अजून बारा हजार किलो यायची होती ना! मॅनेजर ओरडायला लागले, भैयासाहेब गुडघ्यापर्यंत पेंडीत, "अरे बंद करा ना यार कुणी!" शेवटी अरविंदनं पेंडीतून उडी मारून मेन स्विच खाली ओढला. भैयासाहेबांच्या सफारीची पार रया गेली होती. शेठ हसत होते, ते तर आणखी वाईट.

"कुणाच्या हद्दीत झालं हे?" भैयासाहेबांनी तिथंच, सगळ्यांसमोर विचारलं.

अरविंद म्हणाला, "साहेब, स्टॅक..."

"स्टॅक-फिस्टॅक नको सांगू मला! नीलकंठराव, तुम्ही बोला. कुणाच्या हद्दीत?"

नीलकंठरावांनी चष्मा काढला, पुसला. "पोत्याचं वजन अरविंदच्या हद्दीत असतं," ते म्हणाले.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं! वजन त्याच्याच हद्दीत होतं, बिघडलं ते तिथंच. खोटारडा माणूस बरा, तो निदान खोटं बोलताना चाचरतो. हा मनुष्य खरं बोलून मोकळा झाला. अरविंदनं त्यांच्याकडं बघितलं. त्याला त्या क्षणी कळलं की भाऊजींना सगळं ठाऊक आहे. पण बहिणीचा नवरा, चार लोकांत काय बोलणार? तो हातावरची पेंड झटकत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशीच होते, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.

अरविंदला नारळ मिळाला. देवासात इलेक्ट्रॉनिक्सचं काम दुसरं कुठं होतं? इंदूरला फिरला, पण पीथमपूरची बातमी त्याच्याआधी पोचलेली असायची. "वो पेंडवाला इंजिनियर?" शेवटी एका मित्राच्या ओळखीनं तिकडं गुजरातेत, वापीला एका रसायनाच्या कारखान्यात चिकटला. अक्का एकटी कशी राहणार? तीही गेली. समोरच्या घराला कुलूप लागलं. अक्का निघाली त्या दिवशी जावयाच्या हातावर तिनं दही घातलं, "सांभाळा विनूला" म्हणाली, आणि रिक्षात बसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. नीलकंठरावांनी दही खाल्लं.

आणि मग काय झालं माहीत आहे? यंत्र चाललं! चाललं म्हणजे, घोड्यासारखं चाललं. आता सगळे बाइट नीलकंठरावांचेच होते, हद्दच उरली नव्हती. त्यांनी अरविंदच्या सरासरीला कात्री लावली, सामान इकडचं तिकडं सरकवलं आणि स्टॅकला पार शेवटी ऐसपैस चाळीस बाइटची जागा करून दिली. भैयासाहेबांनी शेठला परत बोलावलं, शेठनं पुन्हा बटण दाबलं, हव्या तेवढ्या वेळा दाबलं, आणि प्रत्येक पोतं बिनचूक भरलं. कारखान्यात पेढे वाटले. सगळे म्हणाले, बघा, पोरगं गेलं आणि मशीन सुधारलं. नीलकंठरावांनी 'तसं काही नाही हो' असं म्हणत सगळ्यांकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

घरी आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. विनोदिनीबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. नीलकंठराव देवासमोर पेढे ठेवून पाटावर बसले आणि आनंदाच्या भरात सगळी कहाणी सांगायला लागले. शेठ काय म्हणाले, भैयासाहेबांनी कशी पाठ थोपटली.

"पण असं केलंत काय तुम्ही?" बाईंनी विचारलं. गणिताच्या बाई, त्यांना रीत कळल्याशिवाय उत्तर पटत नसे.

"काही विशेष नाही गं. स्टॅकला जागा कमी पडत होती. ती वाढवून दिली."

"कुठून दिली?"

"होतीच की. मोकळी केली."

विळीवरचा हात थांबला. "जागा कमी पडते हे तुम्हाला कधी कळलं?"

नीलकंठराव खोटं बोलू शकले असते. पण सवय नव्हती. "पीथमपूरला जायच्या आदल्या दिवशी," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय म्हटलं.

बाईंनी विळी मिटली.

"तो त्या दिवशी सतरंजीवर बसून तेवढंच मागत होता हो. मी चहा घेऊन दारात उभी होते, ऐकलं मी सगळं. मला स्टॅक कळत नाही, पण माझा भाऊ काय मागतोय ते कळत होतं. मी गप्प राहिले, म्हटलं पुरुषांच्या कामातलं आहे."

"विनू, अगं, तसं नाही, हद्दीचा प्रश्न..."

"हद्द?" त्या उठल्या. "माझं माहेर समोर होतं. आता अक्काला बघायचं तर दोन गाड्या बदलून वापीला जायला लागतं. आणि तिला जाऊन मी काय सांगू, की तुझ्या लेकाची नोकरी का गेली? यांच्याकडं जागा होती, ती सुटली नाही म्हणून?"

नीलकंठरावांनी तोंड उघडलं. बाईंनी देवासमोरचा पुडा उचलला, त्यांच्या पाटाशी ठेवला, कढईखालचा गॅस बंद केला आणि कपाट उघडून बॅगेत साड्या भरायला लागल्या.